झाडलेला मसाला

मी भाईंदरच्या एका लहान पोलाद कारखान्यातली जुनी फवारणीची गन आहे. मित्रांनो, मी डूख धरणारी आहे, हे आधीच सांगून टाकते.

पोलाद वितळवणाऱ्या भट्टीला आतून जाड अस्तर लागते. ते झिजले की पुन्हा मारावे लागते. अस्तराचा कोरडा मसाला मशीनमधून हवेच्या जोराने नळीत येतो, माझ्या तोंडाशी त्याला पाणी मिळते आणि तो भिंतीवर बसतो. थोडा उसळून खाली पडतो. तो टाकून द्यायचा असतो, कारण त्याची पकड गेलेली असते.

नवघरच्या काशीनाथने मला अकरा वर्षे हातात धरले. काम संपले की तो आधी मला धुई, मग स्वतःचे हात.

पुढे लोकेश सुपरवायझर झाला. मसाल्याच्या कमी पोत्यांत काम उरकून शाबासकी मिळवायची त्याला भारी हौस. खाली पडलेला मसाला झाडून तो पुन्हा मशीनमध्ये ओतायला लावी.

"साहेब, हा टिकत नाय. भट्टी फुटेल," काशीनाथ म्हणाला.

"अहो भाऊ, आतमध्ये कोण बघायला जातंय? मारा तुम्ही."

तिसऱ्याच दिवशी अस्तर निसटले आणि भट्टीचा बाहेरचा पत्रा लालभडक झाला. पोलाद वेळीच ओतून काढले म्हणून माणसे वाचली. व्यवस्थापक शुभदा मॅडमना लोकेशने सांगितले, "गन जुनी झालीय मॅडम, आणि भाऊंचा हात थरथरतो." साफ खोटे! काशीनाथला घरी बसवले. याला सोडायचे नाही, असे मी तेव्हाच ठरवले.

पंधरा दिवसांनी मॅडम अचानक काम बघायला आल्या. मशीनमध्ये झाडलेला मसाला भरलेलाच होता. लोकेशने ऐटीत मला उचलले. मी सगळा मसाला घशात अडवून धरला. मॅडमनी हवा बंद करून माझे तोंड उघडायला लावले. आत घट्ट गोळा, आणि त्यात झाडूच्या काड्या!

"सीलबंद पोत्यात झाडू कुठून आला, लोकेश?"

त्याचे तोंड बघण्यासारखे झाले होते. मित्रांनो, मला फार आनंद झाला. आता तोच मला तारेच्या ब्रशने घासतो, आणि मी मुद्दाम लवकर साफ होत नाही.

मॅडमनी त्या दिवशी तिथूनच काशीनाथला स्पीकरवर फोन लावला. "चूक आमची होती, भाऊ. परत या."

"माझं नाव साफ झालं ना? बस झालं, मॅडम. पूनम सागर कॉम्प्लेक्सला वॉचमनची नोकरी करतोय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा खोकला थांबलाय. परत नाय येत."

त्याला खोकला आणणारी मसाल्याची धूळ मीच उडवत होते. अकरा वर्षे, त्याच्या तोंडासमोर. मला लाज वाटली. आता सूड कोणावर उगवू? मित्रांनो, कधी कारखाना बघायला आलात, तर माझ्याकडे नंतर बघा. मला धरून उभ्या असलेल्या माणसाच्या नाकावर मास्क आहे का, ते आधी विचारा.