भिंत कुठून मोजायची

माळ्यावर चादरीखाली जो पिवळा पडलेला डबा बसलाय ना मित्रांनो, तो मी. जुना संगणक. एके काळी मी पांढराशुभ्र होतो, हे सांगून आता कुणाला पटत नाही. माझ्या पोटात घराचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर आहे आणि त्याच्या जोरावर मी चौदा वर्षं एका घरात मानानं राहिलो.

जन्म म्हणाल तर कारखान्यातला. लांबच लांब टेबलावर कुणी माझ्यात पंखा बसवला, कुणी स्क्रू पिळले आणि खोक्यात भरून मला दुकानात धाडलं. तिथून ताईंनी मला घरी आणलं. ताई लोकांची घरं आतून सजवून द्यायच्या. त्यांचे बाबा जुन्या काळातले नकाशेवाले. हयात गेली पेन्सिल आणि पट्टीवर. मला बघून ते म्हणाले, "हा डबा घर काढणार? त्याला उंबरा तरी ठाऊक आहे का?" मला असा राग आला होता! पण बोलतो कसा?

ते दिवस मात्र मजेचे होते. ताई भारी हौशी. पडदे काय, कुंड्या काय, कुंडीतल्या रोपाचं पान अन् पान, वर खिडकीतून येणारं ऊन आणि त्याची सावली. एवढं सगळं एकदम वाहायला मी काय हमाल आहे? मी मध्येच थिजायचो आणि ताई वैतागायच्या. पुढे त्यांना युक्ती सापडली. आधी नुसत्या भिंती काढायच्या, मग दारं-खिडक्या, आणि ऊन-सावली अगदी शेवटी. मग मी असा पळायचो, की गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो, घरात फिरून आल्यासारखं वाटलं!" कौतुक कुणाला नको असतं?

मग एके दिवशी बाबा जिन्यावरून पडले. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. चाकाची खुर्ची आली. पण न्हाणीघराचं दार इतकं अरुंद, की खुर्ची बाहेर ठेवून ताई आणि जावई त्यांना उचलून आत न्यायचे. ज्या माणसानं जन्मात कुणाकडून पेन्सिलीला टोकसुद्धा करून घेतलं नाही, त्याच्यावर ही वेळ. बाबांनी दुपारनंतर पाणी पिणंच सोडलं. ताईंनी पेला पुढे केला की म्हणायचे, "तहान नाही गं." माझं टेबल त्यांच्या पलंगासमोरच होतं. त्यांचे कोरडे पडलेले ओठ बघून मला फार वाईट वाटायचं.

ताईंनी ठरवलं, मागच्या खोलीचा एक तुकडा घेऊन बाबांसाठी नवं न्हाणीघर करायचं. आत खुर्ची फिरायला हवी, म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत पाच फूट मोकळे हवेत. बाबा खुर्चीत बसून टेप धरायचे आणि मापं ओरडून सांगायचे, ताई ती माझ्यात भरायच्या. चित्र इतकं देखणं झालं, की बाबासुद्धा म्हणाले, "डब्याचा हात बरा आहे हं." इतक्या वर्षांत पहिली शाबासकी!

गवंडी सोमवारी येणार होता. शनिवारी बाबांनी आपली जुनी सवय बाहेर काढली. नकाशातल्या घराची बाहेरून बाहेरपर्यंतची लांबी काढायची, आणि ती खऱ्या घराच्या बाहेरच्या मापाशी ताडून बघायची. त्याशिवाय ते कुठल्याच नकाशावर सही करत नसत. ताईंनी बाहेरून टेप लावला. माझ्यातलं घर खऱ्या घरापेक्षा दीड फूट आखूड निघालं!

झालं. सगळं खापर माझ्या डोक्यावर. ताईंनी मला तीनदा बंद-चालू केलं, सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं, शेवटी पाठीत एक धपाटाही घातला.

"मार अजून," बाबा म्हणाले. "मार खाऊन भिंती लांब होतील."

"मग काय करू, बाबा? परवा गवंडी येतोय!"

"त्याला विचार, तू भिंत कुठून मोजतोस."

ताईंनी चित्र मोठं करत करत एका भिंतीजवळ नेलं. मापाच्या बाणाचं टोक भिंतीच्या कडेला नव्हतंच. ते भिंतीच्या पोटात, मधोमध होतं. बाबा जन्मभर आतून आत मोजत आले आणि मी मोजत होतो मधल्या रेषेपासून, कारण मला कुणी वेगळं सांगितलंच नव्हतं. तसंच बांधलं असतं तर त्या पाच फुटांतले पावणेसात इंच दोन बाजूंच्या अर्ध्या-अर्ध्या भिंतींनीच खाल्ले असते.

ताई मटकन खाली बसल्या. "खुर्ची वळलीच नसती, बाबा. मी तुम्हाला आत कोंडलं असतं."

"कोंडलं नाहीस ना? मग ऊठ, भिंती सरकव."

ताईंनी सेटिंग बदललं, भिंती पुन्हा काढल्या, बाहेरची लांबी जुळली. महिन्याभरात न्हाणीघर उभं राहिलं. पहिल्या दिवशी बाबा खुर्ची ढकलत निघाले, तशा ताईही मागोमाग निघाल्या. दार लागलं. आतून खटकन कडी वाजली. ताई बाहेर तशाच उभ्या.

"अगं, तिथे उभी राहून काय करतेस?" आतून आवाज आला. "जा, आपलं काम कर!"

ताई माझ्यासमोर येऊन बसल्या, पण त्या दिवशी त्यांच्या हातून एक रेघ निघाली नाही.

पुढे बाबा गेले. लॅपटॉप आला आणि माझी रवानगी माळ्यावर ठरली. दुरुस्तीवाल्यानं विचारलं, "जुन्या फाइली उडवू?" ताई म्हणाल्या, "सगळ्या उडवा. न्हाणीघराची तेवढी राहू दे."

मित्रांनो, यंत्रावर हात उगारण्याआधी आपण त्याला काय सांगितलंय ते तपासा. त्याच्या पंख्यातली धूळ अधूनमधून झाडा. आणि तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलात तर ताईंना माझा एक निरोप द्या. ती फाइल माझ्याखेरीज कुठेच नाही, आणि शेवटचं चालू केलं तेव्हा माझी डिस्क कुरकुरत होती. त्या नकाशात दारापाशी बाबांनी एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, एक ओळ टाइप केली आहे: "इथून पुढे माझं मी." ताईंना म्हणावं, डिस्क थांबायच्या आत माळ्यावर चढा आणि त्या फाइलची एक प्रत काढून घ्या.