गाडी हवा खातेय

माईंनी ते बोलणं चोरून ऐकलं नव्हतं. त्या आपल्या खिडकीपाशी बसून जुन्या खुर्चीचे खिळे उपटत होत्या. खिडकी उघडी होती, सुनेचा फोन स्पीकरवर होता आणि देवाने माईंना कान चांगले दिले होते. यात माईंचा दोष कुठे आला?

"आवाज ऐकवा जरा," फोनमधून मिस्त्री म्हणाला.

सुनेने पिकअप सुरू केली आणि फोन बॉनेटजवळ धरला. गाडी उभ्या जागी हूंऽऽ करून चढली, मग दम सुटल्यासारखी खाली आली, थरथरली, पुन्हा चढली. कोणी गळा काढून रडावं आणि मध्येच नाक शिंकरावं, तसा आवाज.

"गाडी हवा खातेय वहिनी," मिस्त्री म्हणाला. "दुसरं काही नाही. शनिवारी सकाळी येतो."

माईंच्या हातातला चिमटा जागीच थांबला. गाडी हवा खातेय. म्हणजे कोणीतरी तिला हवा खायला घेऊन जातंय. आणि हे मिस्त्रीलाही ठाऊक आहे. फक्त माईंना सांगायचं नाही.

सोफे आणि खुर्च्या मढवण्याचा तो कारखाना माईंनी आणि त्यांच्या मालकांनी मिळून उभा केला होता. मालकांना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांची पिकअप सून चालवायची, माई शेजारी बसायच्या आणि प्रत्येक वळणावर तिच्या वतीने ब्रेक दाबायच्या, जरी त्यांच्या पायाखाली ब्रेक नव्हता. लेकाला मात्र ती गाडी डोळ्यांसमोर नको होती. नवा टेम्पो घेऊ, असं त्याचं वर्षभर चाललं होतं. शेवटी माई चिडून म्हणाल्या होत्या, "शनिवारपर्यंत हिचं दुखणं सापडलं नाही तर दे विकून. पण तोवर तोंड उघडायचं नाही."

त्याने तोंड उघडलं नाही. गिऱ्हाईक मात्र ठरवून टाकलं. शनिवारी दुपारी तीनला.

आता माईंना सगळं लख्ख दिसायला लागलं. गाडी बिघडवायची कोणी? ज्याला विकायची त्याने. आणि शेवटची हौस म्हणून फिरवायची कोणी? त्याच्या बायकोने. त्यातून माईंकडे पुरावाही होता. दर सोमवारी सकाळी गाडीचं पाणी आणि तेल माई स्वतः बघायच्या. बॉनेटला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. गेल्या सोमवारी जरा जास्त वाकल्यावर अगदी मागच्या एका नळीवर त्यांना काळी, तेलकट चिंधी गुंडाळलेली दिसली. अशी घाण माईंच्या गाडीत? कमरेची कात्री काढली, चिंधी कापली, बोटांनी चाचपली तर रेक्झिन. रेक्झिन या गल्लीत दुसऱ्या कोणाकडे आहे? लेकाने काहीतरी उद्योग करून ठेवलाय, हे तिथेच ठरलं. चिंधी कागदात बांधून माईंनी बटव्यात ठेवली. त्याच दुपारपासून गाडी हुंदके द्यायला लागली. माईंच्या मते याचा अर्थ एकच: एक डाव पकडला गेल्यावर त्याने दुसरा टाकला.

हवा खाण्याचं कळलं त्या संध्याकाळी माईंनी शिवणाच्या खडूने गाडीच्या मागच्या चाकावर एक रेघ ओढली आणि तीच पुढे जमिनीवर उतरवली. सकाळी पाहिलं तर रेघेला रेघ जुळलेली. दुसरी बाई असती तर गप्प बसली असती.

"खूण पुसून पुन्हा केलीय," माई स्वतःशी म्हणाल्या. "तेवढी अक्कल आहे दोघांना."

गुरुवारी जेवताना त्यांनी विषय काढलाच. "हवा मानवली का गं?"

"कसली हवा?" सुनेचा घास हातातच राहिला.

"गाडीतून खाता ती."

"माई, कारखाना ते गिऱ्हाईक, गिऱ्हाईक ते कारखाना. मला मान वळवायला वेळ नाही, मी हवा कधी खाऊ?"

"ते तुझ्या नवऱ्याला विचार."

लेकाने ताटातून मान वर केली नाही. अपराधी माणूस असाच जेवतो, माईंनी मनात नोंद केली. सून अर्ध्या ताटावरून उठली आणि दोन दिवस माईंशी कामापुरतंच बोलली. कामापुरतं म्हणजे, "सरका."

शनिवारी मिस्त्री आला. मालकांच्या वेळेपासूनचा माणूस, एका कानाने कमी ऐकणारा, पण इंजिनाचा आवाज त्या कानातही शिरायचा. माईंनी स्टूल आणून बॉनेटसमोरच ठाण मांडलं. बटवा मांडीवर. पुरावा योग्य वेळी बाहेर काढायचा होता.

मिस्त्रीने प्लग काढून पाहिले, पुसून लावले. हवेची जाळी झटकली. कार्ब्युरेटर उघडून धुतला. गाडी सुरू केली. हूंऽऽ, धप्प. हूंऽऽ, धप्प. घड्याळात साडेबारा झाले होते आणि लेक फाटकापर्यंत दोनदा जाऊन आला होता.

"हवाच खातेय," मिस्त्री म्हणाला.

"तेच म्हणते मी," माई म्हणाल्या. "कोणी नेली होती, तेवढं सांगा. मी भ्यायला लहान नाही."

मिस्त्रीने चांगला कान पुढे केला. "कुठे नेली होती?"

"हवा खायला."

तो माईंकडे बघत राहिला. मग त्याने सुनेकडे पाहिलं. सुनेने तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते.

"अहो माई, गाडी खाते. माणसं नाही," मिस्त्री म्हणाला. "इंजिनाला पेट्रोल जितकं, तितकी मोजून हवा लागते. हिच्या पोटात कुठूनतरी फटीतून जास्तीची हवा शिरतेय. मग तिला कळत नाही धावू की बसू. ती फट सापडायला हवी. पाण्याचा फवारा आहे का?"

कापडाला इस्त्रीपूर्वी पाणी मारायची बाटली सुनेने आतून आणली. मिस्त्री एकेका नळीवर थोडं थोडं पाणी मारत गेला. कान इंजिनाकडे, डोळे मिटलेले. पहिल्या नळीला काही नाही. दुसरीला नाही. अगदी मागे, हात जेमतेम पोचेल अशा जागी त्याने फवारा मारला आणि गाडीने हुंदका गिळला. दोन क्षण आवाज सरळ चालला. पाणी आत ओढलं गेलं, पुन्हा हूंऽऽ.

"सापडली," तो म्हणाला. त्याने गाडी बंद केली, बॅटरीचा उजेड आत पाडला. "नळीला चीर आहे. पण ही आजची नाही, जुनी आहे. आणि हे बघा, सगळी नळी काळी, एवढाच पट्टा स्वच्छ. इथे काहीतरी घट्ट गुंडाळलेलं होतं. तुमच्या मालकांनी स्वतः बांधलं असणार, त्यांची सवयच ती. कोणीतरी काढून टाकलंय."

"कोणी?" लेकाने विचारलं.

माईंच्या मांडीवरचा बटवा एकाएकी जड झाला. गप्प बसता आलं असतं. नळी बदलली असती, गाडी राहिली असती, आणि ते काढल्याचा संशय जन्मभर लेकावर आणि सुनेवर राहिला असता. माईंनी बटव्याची दोरी सोडली, कागद काढला आणि चिंधी मिस्त्रीच्या रॉकेलच्या डब्यात बुडवून पदराने पुसली. चांगल्या पदराने. काळं निघालं आणि खालून डाळिंबी रंग वर आला. त्यांनी दोघांनी मिळून मढवलेल्या पहिल्या सोफ्याचं रेक्झिन. कडेला बारीक टाके, सगळे डावीकडे कललेले. मालक डावखुरे होते. कोणाचा टाका ते मी लांबून ओळखते, असं सांगत माईंनी आयुष्य काढलं होतं. हा टाका मात्र पाच दिवस बटव्यात घेऊन फिरल्या.

"हे तुमच्याकडे कसं?" सुनेने हळूच विचारलं.

"मी कापलं," माई म्हणाल्या. "घाण वाटली." मग लेकाकडे वळून, "तुझी वाटली."

मिस्त्रीने पिशवीतून नवी नळी काढली, मापाला कापली आणि बसवली. गाडी सुरू केली. आवाज एका सुरात चालला, चढणं नाही, धाप नाही. बंद केलेल्या बॉनेटवर ठेवलेल्या बाटलीतलं पाणीसुद्धा हललं नाही.

लेक खिशातून फोन काढत बाजूला गेला. "आज नका येऊ," एवढं ऐकू आलं. चेहरा पडलेला होता, पण शब्द पाळण्यात तोही माईंचाच मुलगा होता.

माई ती पट्टी घडी करत बसल्या होत्या. सुनेकडे न बघता म्हणाल्या, "सोमवारपासून बॉनेट तू उघडायचं. पाणी, तेल, सगळं तू बघायचं. मी बाजूला उभी राहीन."

सुनेने त्यांच्या कमरेकडे पाहिलं.

"कात्री घेऊन?"

"कात्री घरात ठेवून," माई म्हणाल्या. "आणि आता बस गाडीत. एक चक्कर मार. मलाही जरा हवा खाऊ दे."