अकरा नंबरचं सॉकेट

"काका, फक्त दहा मिनिटं. माझा फोन शेवटच्या घटका मोजतोय."

सातव्या खाटेवरच्या पेशंटचा जावई चार्जर हातात धरून उभा होता. मीटरकाका भिंतीशी एक गुडघा टेकून बसले होते.

"इथे नाही लावता येणार," ते मान वर न करता म्हणाले. "खाली कँटीनमध्ये विचारा."

"कँटीनवाला म्हणतो, वर वॉर्डात विचारा."

मीटरकाका पुन्हा भिंतीकडे वळले. त्यांनी कागदावरून लाल पट्टी सोलली, अर्धी मशीनच्या प्लगवर आणि अर्धी भिंतीतल्या सॉकेटवर येईल अशी बसवली आणि अंगठ्याने दाबून धरली. तीस आकडे मोजेपर्यंत दाबायचं, असं पाकिटावर लिहिलं होतं. आता कोणी प्लग ओढला तर पट्टी फाटणार. हळूच सोलून काढायला गेलं तर वरचा रंग निघून खाली 'उघडले' अशी अक्षरं उमटणार. प्रत्येक पट्टीवर वेगळा नंबर होता आणि तो वहीत लिहायचा होता.

"मलाही चार द्या की," फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या. "घरी टीव्हीला लावते. संध्याकाळी आल्यावर कळेल, कोण किती अभ्यास करतंय ते."

काका हसले. भिंतीला धरून उठताना गुडघा कुरकुरला. तीन मजल्यांवर मिळून दोनशे चौदा सॉकेटं होती. रिकाम्या सॉकेटांवरही पट्टी लावायची होती, म्हणजे कोणी आपलं काही खुपसायला नको. चार दिवसांत चाळीस झाली होती.

इस्पितळात त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. एकतीस वर्षं ते इथे वायरमन होते आणि इतकी वर्षं त्यांनी एकच नेम पाळला होता. मीटर लावल्याशिवाय वहीत काही लिहायचं नाही. दिवा डोळ्यांदेखत जळत असला तरी मीटर लावायचे. नवे डॉक्टर त्यांची थट्टा करत, जुने त्यांची वही मागून घेत. त्या वहीत आकडा असला, की तो असायचाच.

सीलचं हे काम निघालं ते तीन आठवड्यांपूर्वीच्या एका दुपारमुळे. अकराव्या खाटेवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना एका छोट्या पंपातून थेंबाथेंबाने औषध चालू होतं. रक्तदाब त्याच्यावरच टिकून होता. दुपारी चारच्या सुमाराला पंप बंद पडला. त्याची बॅटरी जुनी होती, ती संपून गेली होती. सिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्या धावत आल्या तेव्हा प्लग जागच्या जागी होता आणि पंप नुसता टीं टीं करत होता. अर्ध्या तासात गृहस्थ गेले. त्याच संध्याकाळी काकांना बोलावून सॉकेट तपासायला सांगितलं होतं. खाटेमागे अंधार, म्हणून मोठ्या सिस्टरांनी टॉर्च धरला होता. मीटरवर दोनशे तीस आलं. काकांनी तसं लिहिलं. सॉकेटमध्ये काहीच दोष नव्हता. मग चौकशी समितीने कागद काढला, की कोणीतरी मध्येच प्लग काढला असण्याची शक्यता आहे आणि यापुढे सर्व सॉकेटं सीलबंद करावीत.

तो कागद वाचून काकांना थकल्यासारखं झालं होतं. नातेवाईक फोन चार्ज करायला वाट्टेल तिथला प्लग काढतात, हे त्यांना वर्षानुवर्षं दिसत होतं. वॉर्डाच्या दाराशी त्यांच्यासाठी वेगळा बोर्ड बसवा, असा अर्ज त्यांनी तीनदा दिला होता. तिन्ही वेळा 'पुढील टप्प्यात विचार करू' असं उत्तर आलं. चौथ्यांदा त्यांनी अर्ज दिला नाही. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

अकरावी खाट रिकामी होती. गादी मधोमध दुमडून ठेवली होती. काका खाटेमागे वाकले तेवढ्यात कोणीतरी जवळ येऊन थांबलं. पाहिलं तर त्याच गृहस्थांची बायको. पासष्टीच्या असतील. हातात कागदांची पिशवी होती.

"केसपेपरची प्रत न्यायला आले होते," त्या म्हणाल्या. कोणी न विचारताच. मग पट्टीकडे बघून म्हणाल्या, "हे कशाला लावता, भाऊ?"

"प्लग कोणी काढू नये म्हणून."

"काढला तर कळतं?"

"कळतं. पट्टी फाटते."

"आधी नव्हती ही."

"नाही, ताई. आत्ताच आलीय."

त्या स्टुलावर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. "आधी असती तर मी काढला नसता," त्या म्हणाल्या.

काकांनी हातातली पट्टी परत कागदावर ठेवली.

"मुलगा परदेशात असतो. चार वाजता त्याचा फोन येणार होता. हे सकाळपासून विचारत होते, आला का, आला का. आणि माझा फोन बंद पडलेला. या बाजूच्या सॉकेटात शेजारच्या पेशंटचा पंखा होता. त्यांना कसं सांगायचं, काढा म्हणून? बरं दिसत नाही. म्हणून आमचाच काढला." त्या सावकाश बोलत होत्या. हे सगळं मनात पुष्कळदा म्हणून झालेलं असावं. "मशीनवरचा दिवा चालूच होता हो. मला वाटलं, आत सेल असतील. मग फोन आला. दोघं बोलले. ह्यांनी त्याला विचारलं, जेवलास का. नंतर ह्यांना झोप लागली, म्हणून मी फोन घेऊन जिन्यापाशी गेले. सुनेशी बोलले, नातीशी बोलले. प्लगचं डोक्यातूनच गेलं. परत आले तर टीं टीं. मी घाईघाईने प्लग लावला, पण ते थांबेना. चार्जर उशीखाली सरकवला. मग सिस्टर आल्या."

शेजारच्या खाटेवरचा माणूस कुशीवर वळला. त्यांनी आवाज खाली आणला.

"मुलाला सांगितलं नाही. तो म्हणतो, बाबांशी शेवटचं बोलणं झालं, नशीब. मी हो म्हणते. रस्त्यात कोणी गाडी मागे घेतली आणि तसा आवाज आला, की मी जिथल्या तिथे थांबते. तुम्हाला मशीनमधलं कळतं ना? मग खरं सांगा. मी प्लग काढला नसता तर?"

डॉक्टरांना विचारा, असं सांगता आलं असतं. पण डॉक्टरांनी सांगून झालं होतं, की तसेही ते फार तर दोन दिवस जगले असते. त्याने कोणाचं समाधान होतं? काकांनी बाईंच्या हातांकडे पाहिलं. नखं पार आतपर्यंत खाल्लेली होती. एका बोटाला रक्त येऊन सुकलं होतं.

"काही फरक पडला नसता," काका म्हणाले.

"बरं वाटावं म्हणून सांगू नका."

"बरं वाटावं म्हणून नाही. त्या दिवशी या सॉकेटात धड करंटच नव्हता."

त्यांनी चटकन वर पाहिलं. "पण माझा फोन चार्ज झाला की."

काका क्षणभर अडखळले. एकतीस वर्षांत त्यांना असं काही रचून सांगावं लागलं नव्हतं. मग शब्द आपोआप येत गेले आणि इतके सहज आले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"मागची वायर सैल होती. करंट येऊन-जाऊन होता. तुमचा चार्जर हलका, त्याला तेवढं चालून जातं. पंपाला नाही चालत. तो आपोआप बॅटरीवर जातो. सकाळपासून बॅटरीवरच चालला होता तो. प्लग काढला असता काय अन् नसता काय, चारच्या सुमाराला संपणारच होता."

त्या बघत राहिल्या. कितीतरी वेळ त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"वायर सैल आहे, हे कोणाला माहीत होतं?"

कोणालाच नाही, असं म्हणावं असं काकांच्या मनात आलं. पण कोणालाच नाही म्हटलं, तर या बाई घरी जाऊन परत स्वतःपाशीच येणार.

"मला," ते म्हणाले. "आदल्या आठवड्यात तक्रार आली होती. करू करू म्हणता राहून गेलं."

"राहून गेलं," त्या म्हणाल्या.

मग त्या उठल्या. आवाज चढला नव्हता, पण आजूबाजूच्या दोन-तीन खाटांवरून माना वळल्या. "तुला माहीत होतं. आणि तू केलं नाहीस. तीन आठवडे मी..." पुढचं त्यांनी सोडून दिलं. पिशवी छातीशी धरली आणि त्या दाराकडे चालू लागल्या. जाताना स्टूल लवंडलं, तरी त्यांनी मागे पाहिलं नाही.

काकांनी स्टूल उचलून ठेवलं. खाटेमागे वाकून पट्टी लावली, अंगठ्याने दाबली. मध्येच आकडे चुकले, म्हणून पहिल्यापासून मोजले.

आठ दिवसांनी त्या बाईंच्या मुलाची लेखी तक्रार आली. मोठ्या साहेबांनी काकांना खोलीत बोलावलं. मोठ्या सिस्टर आधीच येऊन बसल्या होत्या. टेबलावर काकांची वही उघडी होती.

"हे तुमचंच अक्षर ना?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"दोनशे तीस, सॉकेट चालू, वायर घट्ट. त्याच संध्याकाळची तारीख. आणि ह्या बाईंना तुम्ही सांगितलं, की वायर सैल होती. यातलं खरं काय?"

"वायर सैल होती, साहेब. मीटर न लावताच लिहिलं मी."

"तुम्ही?"

"हो."

मोठ्या सिस्टर खुर्चीत पुढे सरकल्या. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या बोलणार होत्या, तोंड उघडलंही होतं. मग त्यांनी समोरचे कागद उगीचच सारखे केले आणि त्या मागे टेकल्या.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "निवृत्तीला आठ महिने राहिले होते, काका," ते म्हणाले. "आता ही वही कोण खरी मानणार? मागची सगळी पानं परत तपासावी लागतील."

एवढी एकच गोष्ट काकांच्या ध्यानात आली नव्हती. ते टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. "तपासा," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर मोठ्या सिस्टरांनी त्यांना खिडकीपाशी गाठलं.

"टॉर्च मी धरला होता. तुमचा चष्मा खाली राहिला होता, म्हणून आकडाही मीच वाचला. काय चाललंय तुमचं?"

"सिस्टर, मुलगा पंधरा तारखेला परत जाणार आहे, तक्रारीतच लिहिलंय. मग त्या बाई घरी एकट्याच."

सिस्टर खिडकीबाहेर बघू लागल्या. खाली आवारात कोणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं, तिचं एक चाक खडखडत होतं. ट्रॉली दिसेनाशी होईपर्यंत त्या बघत राहिल्या.

"चादर बदलताना चार्जर उशीखाली सापडला होता," त्या म्हणाल्या. "मी पिशवीत घालून दिला. कोणाला बोलले नाही."

"बरं केलंत."

"सगळ्या पंपांच्या बॅटऱ्या मात्र बदलून घेतल्यात मी. भांडून."

"तेही बरं केलंत."

ऑर्डर दुसऱ्या दिवशी निघाली. सेवापुस्तकात शेरा, वॉर्डातलं काम बंद, उरलेले आठ महिने तळघरातल्या पाण्याच्या पंपघरात. घरी ही बातमी काकांच्या आधी पोचली होती. शेजारच्या बिल्डिंगमध्ये इस्पितळाच्या लाँड्रीतला एकजण राहत होता.

"अहो, ते म्हणतात ते खरं?" जेवताना बायकोने विचारलं. "मीटर न लावता लिहिलंत?"

"हो."

"तुम्ही? दुधाच्या पातेल्यालासुद्धा मीटर लावाल तुम्ही."

"चुकलं एकदा."

तिला सांगावं असं फार वाटलं. पण तिला सांगितलं की ती बहिणीला सांगणार, बहीण आणखी कोणाला, आणि फिरत फिरत ते कुठे जाऊन पोचेल याचा नेम नव्हता. बायको त्यांच्याकडे बघत राहिली. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. तिचा विश्वास बसला नाही, की बसला आणि वाईट वाटलं, हे काकांना कळेना.

"पंपघरात जिने चढायचे नाहीत ना?" तिने विचारलं.

"नाहीत. एकदा खाली उतरलं की झालं."

"मग गुडघ्यांना बरंच," ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली. ताटं नेहमीपेक्षा जरा जोरात ठेवली गेली.

शुक्रवारी काकांनी वॉर्डाच्या किल्ल्या आणि उरलेल्या पट्ट्यांचं पाकीट ऑफिसात जमा केलं. एकशे सव्वीस सॉकेटं झाली होती, पुढची कंत्राटदाराचा माणूस करणार होता. शिडी तेवढी पंपघरात न्यायची होती. ती खांद्यावर घेऊन ते लांबलचक बोळातून निघाले, तेव्हा समोरून त्या बाई येत होत्या. बरोबर मुलगा होता, उंच, वडिलांसारखाच जरा पोक काढून चालणारा. तक्रारीचं उत्तर न्यायला आले असावेत.

बाईंनी काकांना लांबूनच ओळखलं. नजर खाली गेली नाही. उलट पावलं झपाट्याने पडायला लागली.

"हाच तो," त्या मुलाला म्हणाल्या. ऐकू जाईल अशा बेताने.

मुलगा थांबला. काही बोलेल असं वाटलं, पण पांढरे केस आणि खांद्यावरची शिडी बघून तो नुसता उभा राहिला. बाईंनीच त्याचा दंड धरला. "चल, तोंड नको बघूस त्याचं. आपल्याला दुपारी मावशीकडे जेवायला जायचंय."

बोळ अरुंद होता. काकांनी शिडी खांद्यावरून उतरवली, भिंतीशी उभी धरली आणि दोघांना वाट करून दिली. दोघं जिना चढून वर गेल्यावर त्यांनी शिडी परत खांद्यावर घेतली. टाकीत पाणी सोडायची वेळ झाली होती. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, ते तळघरात उतरू लागले.