निरपत्य सम्राट

"आई, निरपत्य मीन्स व्हॉट?"

ज्ञानदानं हे विचारलं तेव्हा आम्ही मायलेकी जेवणाच्या टेबलावर रोमच्या सम्राटांची वंशावळ चिकटवत होतो. तिला सातवीत प्राचीन रोम आहे. प्रोजेक्ट तिचं, पण चेव मला चढलेला. व्हिसावर नवऱ्यामागे ओहायोतल्या डब्लिनला आले तेव्हा मला नोकरीची परवानगी नव्हती आणि लायब्ररी फुकट होती, त्यामुळे पहिल्या दोन हिवाळ्यांत मी अख्खं रोमन साम्राज्य वाचून काढलं होतं. रक्ताच्या नात्याला लाल दोरा, दत्तकाला निळा, असं आम्ही ठरवलं होतं. निळं रीळ संपत आलं होतं. लाल जवळजवळ तसंच होतं.

"कुठं वाचलास हा शब्द?"

"वाचला नाही. टाइप केला. त्र्यंबकआजोबांकडे. आपल्या पानावर आहे. बाबांचं नाव, तुझं नाव, मग निरपत्य."

माझ्या हातात कात्री होती. ती मी खाली ठेवली, हे बरं केलं.

त्र्यंबककाका म्हणजे माझ्या नवऱ्याचे, परीक्षितचे, सख्खे चुलते. निवृत्तीनंतर मुलाकडे इथेच राहतात आणि आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची अमेरिकेतली पानं तयार करतात. कोणाचा कोण मुलगा, कुठं शिकला, कुठं गेला, असं अडीचशे वर्षांचं सगळं एका जाडजूड पुस्तकात. काका कागदावर सुबक अक्षरात लिहितात आणि ज्ञानदा दर रविवारी जाऊन लॅपटॉपवर चढवते. शनिवारच्या मराठी शाळेमुळे तिला लिपी येते, बोटं भराभर चालतात, शाळेत समाजसेवेचे तासही मिळतात. शब्द मात्र सगळे कळतातच असं नाही.

म्हणजे माझ्या मुलीनं स्वतःच्या हातानं, एकेक अक्षर बघून, लिहिलं होतं की आपल्या आईबापांना मूल नाही.

मी तिला अर्थ सांगितला. खोटं सांगता आलं असतं, पण ती शब्दकोश उघडायला शिकलीय, तेही मीच शिकवलंय. तिनं मान हलवली, निळा दोरा दातानं तोडला आणि ट्रेजनच्या नावाखाली हेड्रियन चिकटवला. ते मला जास्त लागलं.

सव्वा वर्षाची होती, नागपूरच्या संस्थेतून दत्तक आणली तेव्हा. बारशाला काका स्वतः आले होते, चांदीचा वाळा घेऊन! त्यांच्या मांडीवर शू केली होती तिनं, आणि काका म्हणाले होते, "गुण घराण्याचे घेतलेत!"

पुढच्या रविवारी आम्ही तिघंही गेलो. परीक्षित गाडीत म्हणाला, "शांतपणे बोल हं. वय झालंय त्यांचं."

"माझं काय कमी होतंय का?" मी म्हटलं.

काकांचं काम चालतं त्या बेसमेंटमध्येच लताकाकूंनी बटाटेवडे आणले. काकांनी चष्मा पुसत माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अहिल्या, यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. मागच्या आवृत्तीचे नियम आहेत. दत्तक म्हणजे सगोत्र, विधिपूर्वक आणि मुलगा. असे पाच जण आहेत, त्यांची नोंद आहे. मुलगी दत्तक घ्यायची पद्धतच नव्हती, तर रकाना कुठून येणार?"

"काका, तुमच्या नियमांच्या पुस्तकानं मग विमानानं अमेरिकेलाही यायला नको होतं."

"अगं, वंश म्हणजे वंश. त्याला काही एक सातत्य लागतं."

आता मला राहवेना. "सातत्य? रोमची गादी बघा. ऑगस्टसपासून मार्कस ऑरेलियसपर्यंत दोनशे वर्षं. तेवढ्यात बापाकडून पोटच्या मुलाकडे गादी किती वेळा गेली? दोनदा! ऑगस्टस स्वतः सीझरच्या बहिणीचा नातू, मृत्युपत्रानं दत्तक गेलेला. टायबेरियस त्याच्या बायकोचा मुलगा. नर्व्हानं ट्रेजनला घेतलं, ट्रेजननं हेड्रियनला, हेड्रियननं अँटोनायनसला, त्यानं मार्कसला. सगळी सोन्यासारखी माणसं. मार्कसला पोटचा मुलगा झाला, त्यानं गादी पोराला दिली, आणि पोरगा निघाला कॉमोडस. आखाड्यात उतरून शहामृगं मारत बसायचा."

काकूंना शहामृगाचं हसू आलं. काका मात्र इतिहासाचे जाणकार. सहज हार मानणारे नव्हेत.

"आणि नीरो?" त्यांनी विचारलं. "तोही दत्तकच ना? आईला मारणारा?"

हातातला वडा मी बशीत ठेवला. नीरो दत्तकच होता. चांगल्या ठसठशीत निळ्या दोऱ्याचा.

"आई, स्टॉप," ज्ञानदा म्हणाली. लॅपटॉपमागून तिचं कपाळ तेवढं दिसत होतं. "मी ट्रेजन नाहीये. मला मॅथमध्ये सी ग्रेड मिळाली तरी मी तुमचीच असायला पाहिजे ना?"

पोरीनं दोन वाक्यांत माझं साम्राज्य बुडवलं. मी तिच्यासाठी गुणवत्तेची यादी वाचत बसले होते, जणू पुस्तकात यायला तिला आधी ट्रेजनसारखा डॅशिया प्रांत जिंकायला हवा होता. कोणाच्या औरस पोराला विचारतो का कोणी, की बाळा, तू काय जिंकलंस?

"बरोबर आहे तुझं," मी तिला म्हटलं. मग काकांकडे वळले. "चांगले-वाईट सोडा. त्यांनी दगडावर काय कोरलं ते सांगते. हेड्रियन, ट्रेजनचा मुलगा, नर्व्हाचा नातू. एवढंच. या तिघांत रक्ताचा बापलेक एकही नाही. पण कोरताना कोणी कंसात 'दत्तक' लिहिलं नाही."

काकांनी कागद सारखे केले. मग समजूत घालण्याच्या सुरात म्हणाले, "ठीक आहे. मी तळटीप टाकतो. 'यांनी एक मुलगी पाळली आहे.' झालं?"

"पाळली? मांजर पाळतात, काका! पोपट पाळतात!"

"अहिल्या, आवाज—"

"आवाजाचं नंतर बघू. हिचा ताप मोजत आम्ही जागलो ते काय पाळण्यासाठी?"

"काका," परीक्षित म्हणाला. तो इतका वेळ वड्याकडे बघत होता. "आमचं पान काढून टाका."

"म्हणजे?"

"माझं नाव काढा, अहिल्याचं काढा. बाबांपाशीच शाखा थांबवा. लिहा की त्यांना मुलगाच नव्हता. तेही खोटंच आहे, पण निदान सगळे एकत्र खोटे होऊ."

माझा नवरा चिडला की त्याचा आवाज खाली जातो. सतरा वर्षांत तो इतका खाली गेलेला मी ऐकला नव्हता. काकांनी चष्मा काढला. परीक्षितचे बाबा म्हणजे त्यांचा पाठचा भाऊ. त्याच्या नावाखाली कोरा कागद ठेवायला त्यांचा हात कसा धजणार?

काकू उरलेले वडे झाकत होत्या. त्यांनी मान वरही केली नाही. "अहो, या पुस्तकात निम्म्या आम्ही बायका आहोत. आम्ही कुठं तुमच्या रक्ताच्या? मला तर नावसुद्धा तुम्हीच दिलंत. मंगळसूत्र घातलं की नोंद होते, आणि ही पोर अकरा वर्षं आजोबा म्हणतेय तरी नाही?"

काकांनी पेन उघडलं. तो शब्द त्यांनी एकदा खोडला, मग पुन्हा, अगदी दिसणार नाही इतका, आणि शेजारी सुबक अक्षरात लिहिलं: कन्या, ज्ञानदा. कंस नाही. कागद त्यांनी तिच्याकडे सरकवला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण माझ्या मनातली आग तशीच. स्वतःच्या आजोबांच्या घरी आपण आहोत हे सिद्ध करायला मुलीला एक अख्खी दुपार लागावी?

ज्ञानदानं ओळ टाइप केली. मग आणखी काहीतरी टाइप केलं आणि थांबली.

"आजोबा, मी तो वर्ड सर्च केला. पूर्ण फाइलमध्ये."

"कुठला शब्द?"

"निरपत्य. एक्केचाळीस वेळा आहे." तिनं लॅपटॉप फिरवून त्यांच्यासमोर धरला. "यांना सगळ्यांना, घरी माझ्यासारखं कोणी आहे का, विचारलं होतं तुम्ही?"

काका पडद्याकडे वाकले. पिवळ्या पट्ट्या, एकाखाली एक.

"शुक्रवारी छपाईला जायचंय, बाळ," ते म्हणाले.

"हे पहिले सिएटलवाले," ती म्हणाली. "यांचा फोन नंबर आहे ना तुमच्याकडे? मी लावते. बोला तुम्ही."