थंड पाण्याची ग्वाही

धाकट्या भावाने रक्ताने डागाळलेली चादर टबात बुचकळली आणि बाहेर काढताना तो असा काही शहारला, की पहिल्या रांगेतल्या दोघांनी नकळत बाह्या खाली ओढल्या.

"गारठलो बुवा! पण डाग बघा, गायब!"

टाळ्या पडल्या. शेजारी उभी असलेली त्याची थोरली बहीण जीवाणुशास्त्राची प्राध्यापक होती. धुण्याच्या पावडरीच्या पुड्यावर एका बाजूला तिचा फोटो होता, दुसऱ्या बाजूला गॉगल लावलेला पेंग्विन. गोठत्या समुद्राच्या तळचा चिखल अर्धे आयुष्य उपसल्यावर विज्ञानाने तिला ही संगत बहाल केली होती. त्या चिखलातल्या जीवाणूचे एन्झाइम बर्फगार पाण्यातही रक्त विरघळवी. पाणी तापवायची गरजच उरत नसे. मात्र पाणी ऊन असले, की एन्झाइम पार निकामी होई.

टब मागे सरकवायला तिने हात लावला. टब चांगलाच ऊन होता.

"पाणी गरम आहे," ती दबक्या आवाजात म्हणाली.

"तालमीत बोटं बधिर झाली गं माझी."

"गरम पाण्यात एन्झाइम मरतं. मग डाग कशानं गेला?"

"गेला ना? मग झालं तर!"

"पुड्यात माझं एन्झाइम आहे का?"

"पहिल्या मालात होतं. साठवायला शीतगृह लागतं, जरा ऊब लागली की रुसतं. नखरे अगदी तुझ्यासारखे!" तो सभागृहाकडे बघून हसतच होता. ते हसू तिने लहानपणापासून पाहिले होते. आज प्रथमच तिला त्याची शिसारी आली.

रुग्णालयाच्या धुलाईघराच्या प्रमुख बाई उठल्या.

"मॅडम, आमच्याकडे ऑपरेशनच्या चादरी येतात. कंपनीच्या शब्दावर नाही, तुमच्या शब्दावर विचारते. बॉयलर बंद करू ना?"

"हो म्हण, ताई," भाऊ ओठ न हलवता पुटपुटला. "आई समोर बसलीय."

आई खरोखरच समोर बसली होती, दोन्ही लेकरांना एकाच नजरेत सामावून घेत.

"बॉयलर चालू ठेवा," बहीण म्हणाली.

"ताईला थट्टा फार!" भाऊ ध्वनिक्षेपकात हसला.

तिने ध्वनिक्षेपक त्याच्या हातातून काढून घेतला. "थट्टा नाही. या पुड्यात माझं एन्झाइम नाही. याच्या भरवशावर एकही चादर थंड पाण्यात धुऊ नका."

खुर्च्या सरकल्या. माणसे कुजबुजत दाराकडे निघाली. भाऊ त्यांच्या मागे धावला. व्यासपीठाच्या पायऱ्या आई एकेक करून चढली, लेकीसमोर उभी राहिली आणि ओल्या, ऊन टबाला तिने बोट लावून पाहिले.

"बजावलं होतं मी त्याला," आई चिडून म्हणाली, "पाण्यात बर्फ टाक म्हणून. नाहीतर ताईला कळेल."