लांबच्या हिशोबात स्वस्त

"संगणकाचे चौदा डबे, चौदा मॉनिटर. कीबोर्ड असेच घेऊन जातो, त्यांचे पैसे नाही मिळायचे, मास," टेम्पोवाला म्हणाला; मास म्हणजे दादा, गावात बायका नवऱ्यालाही तसंच म्हणत. "निम्म्यांत सिगारेटची राख आहे, निम्म्यांत शेवया."

"घेऊन जा," गियांतो म्हणाला.

त्यानं एक मॉनिटर छातीशी धरला आणि पायात येऊ नये म्हणून लोंबणारी वायर दातांत पकडून तो टेम्पोकडे गेला. त्याची बायको मार्सिनी, त्याची 'नी', कॉफीचे तीन पेले घेऊन दारात उभी होती. ती परवाच तैवानहून आली होती, सहा वर्षांनी. वारनेतचं, म्हणजे तासावर संगणक वापरायला द्यायच्या त्यांच्या दुकानाचं, शटर खाली दिसलं तेव्हा तिला वाटलं होतं, आपण येणार म्हणून नवऱ्यानं दोन दिवस दुकान बंद ठेवलंय.

"सगळेच बदलताय?" तिनं विचारलं.

"बदलत नाहीये."

"मग?"

गियांतोनं मॉनिटर टेम्पोत ठेवला, तोंडातली वायर काढली. "दुकान बंद आहे, नी. सव्वा वर्ष झालं."

टेम्पोवाला एकदम टायर बघायला खाली वाकला.

मार्सिनीनं पेले पायरीवर ठेवले. "साखर कमी असेल तर सांगा," ती त्याला म्हणाली आणि आत जाऊन तांदूळ निवडायला बसली. पिशवीतले तांदूळ निवडलेलेच होते. तरी ती एकेक दाणा बाजूला करत राहिली. आपल्याला राग यायला हवा, हे तिला कळत होतं. ती त्याची वाट बघत होती. फेब्रुवारीत म्हातारी अमा, जिची सेवा करायला ती तैवानात होती, तिच्या हातांवर गेली, तेव्हाही ती अशीच रडू येण्याची वाट बघत बसली होती.

बारा वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा तैवानला कामाला गेली ती याच दुकानाच्या पैशांसाठी. गियांतोच्या मोठ्या बहिणीनं, दार्मीनं, त्याच वर्षी नवऱ्याची मोटारसायकल विकून खेळायची पाच जुनी प्लेस्टेशन यंत्रं घेतली होती आणि पुढच्या खोलीत टीव्ही मांडून ती तासावर भाड्यानं द्यायला सुरुवात केली होती. गियांतोनं आपल्या या ताईला, म्बाकला, समोर बसवून समजावलं होतं.

"अगं म्बाक, तुझं यंत्र घेताना स्वस्त. पण पुढे प्रत्येक खेळाची तबकडी विकत घ्यावी लागणार. संगणकाला एकदाच पैसे लागतात. मग खेळ जवळजवळ फुकट. आणि एखादा भाग जुना झाला तर तेवढाच भाग बदलायचा, अख्खं यंत्र नाही. लांबच्या हिशोबात संगणकच स्वस्त!"

"मला लांबचं दिसत नाही रे," दार्मी म्हणाली होती. "चष्मा लागलाय."

सगळे हसले होते. पाच वर्षांची वुलानसुद्धा, काही न कळता. मार्सिनीला हिशोब कळला नव्हता, पण तो सांगताना नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे तेज आलं होतं ते तिला आवडलं होतं. तीन वर्षांचा करार. तीन वर्षं म्हणता म्हणता जातात, असं गावातल्या सगळ्याच बायका म्हणत.

पहिल्या करारात चौदा संगणक आले. मुलं शाळा बुडवून रांग लावायची. ती परत आली तोवर नवे खेळ निघाले होते आणि ते संगणकांतल्या जुन्या ग्राफिक्स कार्डांवर अडखळत होते. "तेवढं कार्ड बदललं की झालं," गियांतो म्हणाला. कार्ड बदललं तर वीज पुरवणारा डबा पुरेना. तो बदलला तर आतला बोर्ड जुना ठरला. दुसरा करार त्यात गेला. तिसऱ्यात मदिउन शहराच्या रस्त्यावर एसीवालं नवं वारनेत निघालं, म्हणून एसी, फिरत्या खुर्च्या, इंटरनेटची जलद जोडणी. दर वेळी 'तेवढंच' असायचं. चौथ्या वेळी साथ होती, तिला घरी यायलाही मिळालं नाही. तिथंच सही केली.

टेम्पो गेल्यावर गियांतो आत आला. त्यानं नोटांचं पाकीट तिच्या पुढ्यात ठेवलं.

"मोजून घे."

"तुम्ही मोजलेत ना?"

"हं." तो भिंतीला टेकून खाली बसला. "शेवटची कार्डं घेतली तेव्हा भाव तिप्पट होते. वाटलं, साथ संपली की पोरं तुटून पडतील. आली गं पोरं. येऊन वायफाय मागायची. मोबाईलवर खेळायला."

"फोनवर का नाही बोललात?"

"आज सांगू, उद्या सांगू. तू दमलेली असायचीस. कार्डांचे हप्ते चालू होते, तू पाठवायचीस ते त्यात जायचं." त्यानं पाकीट तिच्याकडे आणखी सरकवलं. "माझा हिशोब चुकला नव्हता, नी. आजही कागदावर मांडला तर बरोबर येतो."

"मास, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"अमाच्या नातवाचं एक यंत्र होतं. टीव्हीखाली ठेवलेलं. मी रोज पुसायचे. दुसऱ्या करारातही तेच, तिसऱ्यातही तेच. एकदा त्याला विचारलं, याला काही नवं घालावं लागत नाही का रे? म्हणाला, नाही मावशी, आहे तसंच चालतं." मार्सिनीनं सुपातला एक शुभ्र दाणा उचलून बाजूला टाकला. "त्याच संध्याकाळी तुमचा फोन आला होता. कार्डांसाठी."

गियांतो तिच्याकडे बघत राहिला. "मग सही कशाला केलीस?"

"अमाला उचलायला कुणी नव्हतं."

हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. सहा वर्षांपूर्वी महिनाभर ती घरी आली तेव्हा अकरा वर्षांची वुलान दार्मीच्या मागं लपली होती. गियांतोनं तिच्यासाठी पाहुण्यांचा टॉवेल काढून ठेवला होता. मीठ कुठल्या डब्यात आहे हे तिला विचारावं लागत होतं. तिकडे अमाला नुसत्या पावलांवरून कळायचं की ती आली. पण असलं बोलायचं कसं, आणि बोलून तरी काय?

दुपारी जेवण झाल्यावर गियांतो नमाजाला जातो म्हणून बाहेर पडला. शाळा सुटून तास झाला तरी वुलान आली नाही. मार्सिनीनं पाकीट घेतलं आणि ती गल्ली ओलांडून नणंदेकडे गेली.

दार्मीच्या पुढच्या खोलीत तीच पाच यंत्रं होती. एकाचं झाकण चिकटपट्टीनं बांधलं होतं. दोन टीव्ही चालू होते. त्यांच्यापुढे प्लास्टिकच्या स्टुलांवर मोटारसायकलची भाडी मारणारे चौघे बाप्ये जुना फुटबॉल खेळत होते, आणि खरोखरीच्या सामन्यात देणार नाहीत अशा शिव्या देत होते. दार्मी कढईत केळ्याची भजी तळत होती. वुलान शाळेच्याच कपड्यांत पैसे घेत होती.

"माक, तुझ्याकडे सुटे आहेत का गं?" वुलान दार्मीला म्हणाली, आणि दारात आईला बघून उठून उभी राहिली. "इबू, तुम्ही? बसा ना."

माक म्हणजे घरातली आई; इबूही आईच, पण शाळेत बाईंनाही इबूच म्हणतात. वुलान तशीच उभी होती, बाई वर्गात आल्यासारखी.

"बस, बस," मार्सिनी म्हणाली आणि पाकीट दार्मीपुढे धरलं. "म्बाक, हे ठेवून घ्या. वुलानचं बारा वर्षांचं खाणंपिणं..."

दार्मीनं झाऱ्या कढईवर आपटला. "माझ्या भावाची पोरगी माझ्या ताटात जेवली, त्याचं बिल लावू? तैवानात हेच शिकलीस? ठेव ते आत. गिऱ्हाईक बघतंय."

"पण म्बाक, काहीतरी..."

"काहीतरी काय? अगं, या यंत्रांवर कुणाचं पोट भरतंय! ती विजेचं बिल भागवतात नि गप बसतात. घर चालवतात ती केळी." मग तिनं आवाज खाली आणला. "आणि खरं विचारशील तर देणं माझ्याकडेच निघतं. मागं जाऊन बघ."

मार्सिनी पडदा सारून मागच्या पडवीत गेली. गियांतो तिथं ठेंगण्या स्टुलावर बसला होता. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. समोर फळीवर खेळायचे तीन हातकंट्रोल उघडे पडले होते, बशीत बारीक स्क्रू होते. बायकोला बघून तो दचकला नाही. नुसता थांबला.

"सव्वा वर्ष रोज येतो," दार्मी मागून म्हणाली. "परसातल्या दारानं. म्हणतो, पुढं लोक ओळखतात. पैसे देते तर घेत नाही. भजी तेवढी खातो."

ती परत कढईकडे गेली. दोघं नवरा-बायको तिथं राहिली.

"बटणाखालचं रबर झिजतं," गियांतो हातातल्या तुकड्याकडे बघत म्हणाला. "पाचशे रुपियाचं रबर, एक भजंही येत नाही तेवढ्यात. बदललं की झालं."

"बाकी काही नाही लागत?"

"नाही."

"हं," मार्सिनी म्हणाली.

कोपऱ्यात केळ्यांचा घड होता. तिनं सुरी घेतली, बाजूला चटईवर बसली आणि केळी सोलायला लागली. एकमेकांकडे पाठ येईल अशीच जागा तेवढी होती.

पुढून कुणीतरी ओरडलं. "ओ म्बाक दार्मी! बटण अडकतंय! चालून आलेला गोल घालवला तुमच्या बटणानं!"

"बटणानं नाही, तुझ्या अंगठ्यानं!" दार्मी ओरडली. "थांब, दुसरा देते. वुलान, बघ गं!"

"माक, मी पैसे मोजतेय!"

गियांतोनं दुरुस्त झालेल्या कंट्रोलचा शेवटचा स्क्रू पिळला, शर्टाला हात पुसले आणि सवयीनं उठून तो पडद्यापर्यंत गेला. तिथं थबकला. पुढून ओरडणारा आवाज त्याच्या ओळखीचा होता. या माणसाची तिन्ही मुलं त्याच्या वारनेतमध्ये वाढली होती. पडद्याची कड धरून तो नुसता उभा राहिला.

मार्सिनी उठली. तिनं त्याच्या हातातला कंट्रोल काढून घेतला आणि ती पुढे गेली.

त्या माणसानं तो हातात घेऊन दोन-चारदा बटण दाबून बघितलं. "वा! नव्यासारखं झालंय की. कोण करतं हो हे? दार्मी कधी पत्ता लागू देत नाही."

"आमच्यातलंच माणूस आहे एक," मार्सिनी म्हणाली. "हात चांगला आहे त्यांचा."

तिनं त्याचा रिकामा पेला उचलला. "चहा आणू का अजून?" तिनं विचारलं, आणि तो काय म्हणतो ते ऐकायला उभी राहिली.