मुळ्या किती खोल जातात

दिवाळी होऊन गेली तरी राजकन्या मुखेडलाच होती. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली होती. आठव्या महिन्यातच एकाएकी पोटात हालचाल थांबली, तिला नांदेडच्या दवाखान्यात हलवलं, ऑपरेशन झालं. ती शुद्धीवर आली तेव्हा उशाशी आई बसलेली होती आणि पाळणा रिकामा होता. मुलगी झाली होती. जन्मली तीच गेलेली. राजकन्येचा नवरा बालाजी तिला कपड्यात गुंडाळून जीपनं जळकोटकडं, आपल्या गावी, घेऊन गेला होता. राजकन्येला तिचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही.

"कुटं नेलं तिला?" तिनं आईला, नागाबाईला, एकदाच विचारलं होतं.

"समदं नीट केलंय त्यायनी. तू नको इचारू बाई. इसर आता."

त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही. टाके सुकले, दूध आटलं, येणारंजाणारं माणूस "तब्येत सुधारली की" म्हणू लागलं. पण राजकन्येला एका जागी बसवेना. भाजी निवडायला घेतली की अर्ध्यात उठायची. निजली की पुन्हा उठून दाराशी यायची. अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायची, मग आपण कशाला चाललो हेच आठवायचं नाही. वडील, व्यंकटी, ओसरीवरून बघायचे आणि बिडी पेटवायचे.

बालाजी रोज संध्याकाळी डेअरीवर दूध घातलं की फोन करायचा. जेवलीस का, गोळ्या घेतल्या का, इकडं थंडी पडलीय, एवढंच. कधी येतेस असं तो विचारत नव्हता, आणि ती सांगत नव्हती. एका संध्याकाळी मात्र तो जरा अडखळत म्हणाला, "तू बीएस्सी केलीस म्हणून इचारतो. पानी घातलं न्हाई तरी जगंल आन् गुरं तोंड लावनार न्हाईत, असं कोनतं झाड असतंय?"

"कशाला?"

"लावायचंय जरा. लई मोठं नको. दिसायला बी बरं पाह्यजे."

राजकन्येच्या मस्तकात तिडीक गेली. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी नवं घर बांधलं होतं आणि घरासमोर चार पावलं जागा मोकळी सोडली होती. इथं आपल्या घशाखाली घास उतरत नाही आणि या माणसाला अंगणाची शोभा सुचतेय. "बघते," एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

ठेवला खरा, पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा मनाला धरायला काहीतरी मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी ती बसस्टँडामागच्या नर्सरीत जाऊन उभी राहिली. नर्सरीवाला शिवलिंग बोलका माणूस. त्यानं तिच्यापुढं दोन कुंड्या ठेवल्या. एकीत केकताड, म्हणजे घायपात. बांधावर वाढतं तेच, पण हे ठेंगणं, जाड रसाळ पानांचं, पानांच्या कडेला पिवळे पट्टे आणि टोकाला काळा काटा. दुसरीत गवताचं ठोंब. बारीक तांबूस पाती, वर मऊ जांभळे तुरे, जरा वारा आला की सगळं ठोंब एका अंगाला कलायचं.

"हे गवत इकत घेत्यात लोक?" तिनं विचारलं.

"बंगलेवाले घेत्यात ताई. दिसायला लई भारी. वर्षातून एकदा बुडापासून कापायचं, परत फुटतंय. पन पानी मागतंय आन् शेळी ठिवत न्हाई." मग त्यानं केकताडाच्या बुडाशी बोट नेलं. "ह्याचं तसं न्हाई. काही करू नका, जगतंय. बाजूनं पिल्लं फुटत्यात बगा. फुलं येऊन आई मरती, पिल्लं राहत्यात."

राजकन्या तशीच नर्सरीबाहेर आली. स्टँडाच्या कोपऱ्यापर्यंत चालत गेली. थोड्या वेळानं परत आत गेली आणि दोन्ही कुंड्या घेऊन घरी आली.

मग तिचा तोच उद्योग सुरू झाला. सकाळी कुंड्या उन्हात, दुपारी सावलीत, पुन्हा उन्हात. केकताडाला पाणी द्यायचं नाही म्हणून देत नव्हती, आणि ते काही न मागता तसंच बसून राहायचं. त्याचा तो निबरपणा बघून तिला त्याचा राग यायचा. गवताला सकाळी पाणी घातलं तरी दुपारी माना टाकायचं. मग त्याचाही राग यायचा. नागाबाई म्हणाली, "एक कायतरी ठरीव की. नुसती उचलठेव करून राहिलीस."

"ठरत न्हाई माय."

तिनं बालाजीला आवाज रेकॉर्ड करून पाठवला. केकताड खडकाळ जागेत, मुरमात चांगलं, काळ्या रानात पाणी साचलं तर कुजतं. गुरं शिवत नाहीत, पण काटा वाईट. गवत देखणं, हात फिरवावा असं, पण राखण पाहिजे. "तुमाला शोभा पाह्यजे का राखन पाह्यजे ते सांगा," असं शेवटी तिनं जरा टोचूनच म्हटलं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "जागा मुरमाडच हाय," तो म्हणाला. मग विचारलं, "मुळ्या किती खोल जात्यात गं?"

"कुनाच्या?"

"दोनीच्या बी."

"केकताडाच्या वरवर पसरत्यात. गवताच्या खाली जात्यात, लई खोल."

"खोल नको मग."

"कामून? खाली पाइपलाइन हाय का?"

"न्हाई." त्यानं खाकरल्यासारखं केलं. "तशीच जागा हाय ती. धक्का लागू नये."

नवीन घरासमोर मुरूम नव्हता. काळी माती होती, तिनं स्वतः टोपल्यांनी टाकून घेतली होती. राजकन्या फोन कानाला धरून तशीच उभी राहिली. पलीकडून डेअरीवर कॅन आपटल्याचा आवाज तेवढा येत होता.

"उद्या येते मी," ती म्हणाली.

सकाळी नागाबाई दारात आडवी उभी राहिली. अजून अंगात ताकद नाही, एसटीत धक्के बसतील, जावई येऊन नेतील की. राजकन्येनं तिचं सगळं ऐकून घेतलं. "माय, तुला ठावं होतं का कुटं ठिवलं ते?"

नागाबाईनं नजर चोरली. "मीच म्हनले होते त्यायला, हिच्याजवळ नाव काढू नका. तू उसासून मेली असतीस बाई."

"मेले न्हाई," राजकन्या म्हणाली. वडिलांनी बिडी टाकली, दोन्ही कुंड्या पिशव्यांत घातल्या आणि तिला स्टँडपर्यंत पोचवायला निघाले.

जळकोटच्या स्टँडावर बालाजी मोटारसायकल घेऊन उभा होता. वाळला होता. घरी चलतेस का, असं त्यानं विचारलं, तिनं नाही म्हणून मान हलवली, आणि गाडी सरळ शेताकडं वळली. तुरीच्या पलीकडं, ओढ्याकडं उतरणाऱ्या बांधाखाली पडीक कोपरा होता. तिथं दगडांची एक लहान रास होती आणि भोवती बाभळीच्या वाळक्या फांद्या टाकलेल्या होत्या. एका बाजूच्या फांद्या सरकल्या होत्या.

"सोयाबीन निघाल्यापासून समद्यायची जनावरं मोकळी असत्यात," बालाजी म्हणाला. "परवा शेळ्यायनी दगडं पाडले. म्या रोज सकाळी दूध काढायच्या आधी येऊन बघून जातो. तरी दिवसभर जीव इकडंच ऱ्हातो."

राजकन्या खाली बसली. एक सरकलेला दगड तिनं उचलून परत राशीवर ठेवला.

"मला कामून सांगितलं न्हाई?"

"तुजी माय म्हनली—"

"माय म्हनली. मी काय म्हनले असते ते कुनी इचारलं?" तिचा आवाज चढला. "मी हितं-तिथं फिरून राहिले भूत लागल्यासारखी. घरात बसवंना, दारात बसवंना. मला ठावंच नव्हतं मी कुटं जाऊ बघतेय."

बालाजी तिच्या शेजारी मुरमात बसला. सरकलेली एक फांदी त्यानं जागेवर ओढली. म्हणाला, "मला वाटलं, तू इसरून राहिलीस तर इसरू द्यावं. म्या एकट्यानं बघावं."

मग ती उठली. हिशेबानं केकताडच योग्य, हे दोघांनाही कळत होतं. तिनं राशीपासून हातभर सोडून खड्डे काढायच्या जागा दाखवल्या, बालाजीनं गाडीला बांधून आणलेला टिकाव चालवला. कुंडीतल्या केकताडाभोवतीची रोपं तिनं जपून सुटी केली आणि राशीभोवती कडं धरून लावली. मोठं ओढ्याच्या अंगाला, जिकडून जनावरं चढायची तिकडं लावलं. लावून झाल्यावर तिनं बालाजीच्या पिशवीतला विळा घेतला आणि दगडांकडं वळलेल्या पानांच्या टोकांचे काटे एकेक करून छाटून टाकले. बाहेरच्या अंगाचे तसेच राहू दिले.

"गवत घराम्होरं लावू," ती म्हणाली. "हितं टिकायचं न्हाई."

"लाव की. म्या पानी घालीन."

ऊन चढलं होतं. बालाजीनं बाटलीतलं पाणी तिच्या हातांवर ओतलं. हात धुता धुता तिनं विचारलं, "दिसायला कशी होती?"

त्यानं बाटली खाली ठेवली. "केस लई होते. काळेभोर. तुज्या बापासारखं कपाळ." मग मातीत बोट फिरवत, लाजल्यासारखा म्हणाला, "एक सांगू का? ठिवताना मला कसंतरी वाटलं. नाव न घेता कसं ठिवावं लेकराला. म्या आपलं रेनुका म्हनलो. कुनाला सांगितलं न्हाई."

राजकन्या थबकली. "मी ज्ञानेश्वरी ठिवनार होते."

"मग ज्ञानेश्वरी म्हनू."

ती दगडांकडं बघत राहिली. बांधावरून कुणाची तरी गुरं घंटा वाजवत चालली होती. बालाजी उठून त्यांना पलीकडं हाकायला निघाला, तसं तिनं त्याला हाक मारली.

"न्हाई, राहू द्या," ती म्हणाली. "तुमी रेनुका म्हनलाव ना, तर रेनुकाच."